परचुऱ्यांचे सोवळे डोळे

दिनानाथ परचुऱ्यांना चौथीत चष्मा लागला आणि त्या दिवसापासून जगाने त्यांना पोक्त समजायला सुरुवात केली. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांना मास्तरांचं काम मिळालं, कॉलेजात वकिलाचं. लग्न होऊन ते वाशीला सिडकोच्या घरात राहायला आले तेव्हा तिथे रेल्वे यायची होती, झाडं यायची होती, पण सोसायटीच्या गणपतीतलं नाटक मात्र आधीच येऊन बसलं होतं. त्या नाटकांतून परचुऱ्यांनी ओळीने डॉक्टर, पोस्टमास्तर, सासरा आणि पुन्हा डॉक्टर अशी कामं केली. आवाज खणखणीत होता, नाक सरळ होतं, वयही काही सासऱ्याचं नव्हतं. पण आरशात पाहायचं तर चष्मा लावावा लागे आणि चष्मा लावला की आरशात पोस्टमास्तर दिसे.

त्या वर्षी नाटक ऐतिहासिक ठरलं. वरच्या मजल्यावरचे भगवान हिवराळे मूळचे जालन्याकडचे, टेलिफोन एक्स्चेंजात नोकरीला. फोन जोडता जोडता त्यांनी ‘गड जागा आहे’ नावाचं नाटक लिहिलं होतं आणि दिग्दर्शनही तेच करणार होते. वाचन झालं त्या संध्याकाळी रायाजी किल्लेदाराची भाषणं ऐकताना परचुऱ्यांच्या अंगावर काटा आला. वाचन संपल्यावर ते उभे राहिले आणि हे काम आपण करणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. हिवराळ्यांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. आवाज पाहिजे तसाच आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण गडावर चष्मा चालणार नाही, असं ते म्हणाले.

परचुऱ्यांनी तिथल्या तिथे चष्मा काढून खिशात ठेवला आणि प्रेमप्रवेश म्हणून दाखवला. प्रवेश फार रंगला. फक्त नायिकेचं काम करणारी नंदिनी डावीकडे उभी होती आणि परचुरे सगळं उजवीकडच्या कपाटाला सांगत होते. शेवटी त्यांनी गहिवरून जो हात हातात घेतला तो सुधीर चौबळांचा निघाला. चौबळ चहा घेऊन नुसतेच उभे होते. त्यांना दिलावरखानाचं काम मिळालं होतं, पण लक्ष रायाजीवर होतं. नजर तर अशी की खाडीपुलावरून उतरणाऱ्या बसचा नंबर गच्चीतून वाचायचे. निदान ते तसं सांगायचे, आणि खरंखोटं करायला दुसऱ्या कुणाची नजर तिथवर पोचत नव्हती.

हिवराळ्यांनी निवाडा दिला. गणपतीपर्यंत परचुऱ्यांना चष्म्याविना दिसायला लागलं तर रायाजी त्यांचा. नाही तर चौबळ रायाजी, आणि खानाचं काम आपण स्वतः करू.

दादरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कॉन्टॅक्ट लेन्स घेऊन परचुरे घरी आले, तेव्हा वैजयंतीबाई भूगोलाचे पेपर तपासत होत्या. त्यांनी मान वर केली आणि त्या बघतच राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवऱ्याचे डोळे असे उघड्यावर त्यांनी पाहिले नव्हते. बरे दिसताय, असं म्हणून त्या पुन्हा पेपरांकडे वळल्या, आणि एका मुलाने कोयना नदी राजस्थानात नेली होती ती त्यांनी तशीच बरोबर म्हणून सोडून दिली. परचुऱ्यांनी ते पाहिलं. त्यांना स्वच्छ दिसत होतं.

डॉक्टर मात्र भलतेच कडक निघाले होते. लेन्सला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवायचे आणि स्वतःच्याच कोरड्या टॉवेलला पुसायचे. लेन्स धुवायची ती बाटलीतल्या औषधाने, नळाच्या पाण्याने नाही. घाईत लोक थुंकी लावतात, तसं करणाऱ्याने पुन्हा आपल्या दवाखान्यात येऊ नये. झोपताना लेन्स काढायची. डबी रोज उकळायची. डोळा चोळायचा नाही, कुणाचा रुमाल वापरायचा नाही, कुणाचं काजळ लावायचं नाही. आणि डोळा जरा जरी लाल झाला तरी लेन्स बाहेर, आणि डोळा बरा होईपर्यंत परत आत नाही. त्यात यंदा डोळे येण्याची साथ जोरात आहे, तेव्हा तुम्ही इतरांच्या दुप्पट सांभाळा, असंही त्यांनी बजावलं.

परचुरे बसने घरी येताना हिशेब करत होते. डोळा लाल झाला की लेन्स बाहेर. लेन्स बाहेर की चष्मा नाकावर. चष्मा नाकावर की चौबळ गडावर. म्हणजे जंतू आणि चौबळ हे एकाच पक्षाचे आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात सोवळं सुरू झालं. ज्या गृहस्थाने आयुष्यात आपला चहाचा कप उचलून मोरीत ठेवला नव्हता, तो सकाळी उठून हात धुऊन, दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर धरून घरभर हिंडू लागला. दाराची कडी कोपराने. दिवा कोपराने. वाटेत कुणी आलं की ते म्हणत, शिवू नका. हे म्हणायला त्यांनाच कसंतरी व्हायचं, कारण आजीच्या सोवळ्याची टिंगल करण्यात त्यांचं सगळं बालपण गेलं होतं. त्यांचा टॉवेल वेगळ्या दोरीवर वाळू लागला. लेन्सची डबी उकळण्यासाठी त्यांनी आधी दुधाचं पातेलं घेतलं आणि त्यावरून भांडण झालं. मग त्यांनी ती रिकामी डबी कुकरात डाळ आणि तांदूळ यांच्यावर तिसऱ्या मजल्यावर ठेवून दिली. डबी निर्जंतुक झाली, पण तिला हिंगाचा वास लागला. नंतर कितीतरी दिवस परचुऱ्यांना सकाळी लेन्स घातली की भूक लागायची.

पुढे संकट पाण्याचं आलं. सोसायटीत पाणी यायचं ते सकाळी, आणि नाटकाच्या तालमी व्हायच्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. लेन्समध्ये कण गेला तर ती काढायला हात धुवावे लागणार. तालमीच्या वेळी तेवढं हॉलमधल्या नळाला पाणी सोडा, असं परचुऱ्यांनी सेक्रेटरींना सांगितलं. सेक्रेटरींनी अर्ज करायला सांगितलं. अर्ज केल्यावर कमिटीने डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागितलं. परचुरे पुन्हा दादरला जाऊन ते घेऊन आले. त्यात हात धुणे आवश्यक आहे, असं लिहिलेलं होतं. त्यावर कमिटीत गंभीर चर्चा झाली. हे परचुऱ्यांपुरतंच आवश्यक आहे की सर्व सभासदांना, असा मुद्दा एकाने काढला. सर्वांना असेल तर टाकी पुरणार नाही, सबब ते सर्वांना आवश्यक नाही, असं बहुमताने ठरलं. परचुऱ्यांना खास बाब म्हणून रोज संध्याकाळी एक बादली मंजूर झाली आणि तसं बोर्डावर लागलं. पहिल्या दिवशी लोक बादली पाहायला आले.

साथ एव्हाना सेक्टरमध्ये पोचली होती. समोरच्या बिल्डिंगमध्ये गॉगल दिसू लागले आणि त्याबरोबर सल्ले सुरू झाले. वाशीगावातून मासळी घेऊन येणाऱ्या सगुणाबाईने दारात पाटी टेकवली, परचुऱ्यांचे डोळे निरखले आणि वैजयंतीबाईंना बजावलं, “बाय, लेकुरवालीचा दूध घाल याचे डोल्यांन. आमचे गावान योच इलाज हाय.” लेकुरवाळी कोण आणि तिला विचारणार कोण, या प्रश्नावर तो इलाज अडला. तळमजल्यावरच्या विमलबाईंनी रात्री धने भिजत घालून सकाळी त्याच पाण्याने डोळे धुवायला सांगितलं. कुणी गुलाबपाणी म्हणालं, कुणी मध. परचुरे प्रत्येकाला नम्रपणे सांगत की डॉक्टरांच्या बाटलीखेरीज डोळ्यांत काही घालायचं नाही. दर नकाराला एक घर दुखावलं जात होतं. फक्त चौबळ काही सल्ला देत नसत. ते रोज सकाळी दूध केंद्राच्या रांगेत परचुऱ्यांच्या अगदी जवळ येऊन, मायेने डोळ्यांत पाहून विचारत, “काय परचुरे, डोळे कसे आहेत?” आणि ठीक आहेत असं उत्तर ऐकून थोडे उदास होत.

परचुऱ्यांची नोकरी कांदा-बटाटा मार्केटातल्या ऑफिसात होती. तिथे वाऱ्यावर कांद्याची सालं आणि धूळ अष्टौप्रहर उडते. चष्मा होता तोवर ती बाहेर थांबायची. एका दुपारी एक कण लेन्सखाली शिरला आणि परचुऱ्यांच्या डाव्या डोळ्याला धार लागली. चोळायचं तर नाही. हात धुवायला ऑफिसात पाणी नाही. तेव्हा ते टेबलाशी ताठ बसून एका डोळ्याने रडत राहिले. हमालांचे मुकादम सिताराम साताऱ्याकडचे, मायाळू माणूस. त्यांनी डोक्यावरचा पटका काढून हळू आवाजात विचारलं, “सायेब, कोन गेलं?” परचुऱ्यांनी मान हलवली, ती सितारामनी आपल्या परीने समजून घेतली. गाळ्यागाळ्यांतून माणसं येऊन शेजारी गप्प बसून जाऊ लागली. एका आडत्याने आपला रुमाल पुढे केला. परचुऱ्यांनी तो घेतला नाही, तेव्हा दुःख फार मोठं असावं असं सर्वांचं मत झालं. साहेबांनी त्यांना लवकर घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते हसतमुखाने कामावर आले, याचं मात्र मार्केटला अजून नवल वाटतं.

गणपती बसले आणि प्रकरण धर्मापर्यंत गेलं. आरतीचं तबक समोर आलं की ज्योतीवर हात फिरवून ते डोळ्यांना लावायचे. तीर्थ घेतलं की ओला हात डोळ्यांना आणि डोक्याला पुसायचा. निर्माल्य उचललं तरी आधी डोळ्यांना. आपल्या धर्मात डोळ्यांना इतक्या गोष्टी लावतात हे परचुऱ्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्यांनी ज्योतीवर हात फिरवले आणि ते थेट डोक्याच्या मागे नेले. तीर्थ घेतलं आणि ओला हात हवेत धरून ते आपल्या बादलीकडे चालू लागले. विमलबाईंची आरती अर्ध्यात थांबली. चांगल्या घरातला माणूस हातचा गेला, असं त्यांनी संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना कळवलं. म्हणजे जिन्यात कठडा सोडून चालणारे परचुरे तरुण मंडळींत कर्मठ ठरले होते, आणि आता म्हाताऱ्यांत ते नास्तिक ठरले. दोन्ही पक्षांकडून एकाच वेळी बोलणी खाणारा माणूस सोसायटीत दुसरा नव्हता.

हे सगळं त्यांनी सोसलं. आरशात पोस्टमास्तर दिसत नव्हता, आणि तालमीत त्यांचा रायाजी असा उभा राहत होता की चौबळसुद्धा खानाचं काम मन लावून करू लागले होते. हिवराळे जागेवरून उठून उठून त्यांना पाहायचे. एकदा तर त्यांनी वहीत पाहायचंही सोडून दिलं आणि आपणच लिहिलेलं भाषण तोंड उघडं टाकून ऐकत बसले. त्या दिवशी परचुऱ्यांना जितका आनंद झाला तितका नोकरीत कायम झाल्यावरही झाला नव्हता.

मग रंगीत तालीम झाली. हिवराळ्यांनी रंगाची पेटी उघडली आणि स्वतःच्या हाताने एकेकाला रंगवायला घेतलं. त्यांच्या आईने, भिमाबाईंनी, घरी एरंडेलावर काजळ धरून दिलं होतं. ती एकच डबी होती आणि एकच करंगळी. नंदिनीचे डोळे झाले, चौबळांचे झाले, मावळ्यांचे झाले. मग हिवराळे परचुऱ्यांसमोर येऊन बसले, म्हणाले, वर बघा, आणि करंगळी त्यांच्या डोळ्याकडे नेली.

परचुऱ्यांनी खुर्चीसकट मागे सरकून चेहरा वळवला.

महिनाभर अंगवळणी पडलेला शब्द त्यांच्या तोंडून निघून गेला. “शिवू नका.”

हिवराळ्यांनी करंगळी खाली घेतली. तिच्यावरचं काजळ त्यांनी सावकाश आपल्या टॉवेलला पुसलं. “माझ्या आज्याला गावात सावली पडू देत नव्हते,” ते म्हणाले. “तुम्ही नुसतं काजळ लावू देत नाही. प्रगती आहे, परचुरे.”

परचुरे घाईघाईने सांगू लागले. डॉक्टर म्हणाले, साथ आहे, जंतू एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जातात, कुणाचंही काजळ असतं तरी हेच केलं असतं. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि प्रत्येक वाक्याने ते जास्त गाळात जात होते. आजीसुद्धा आपल्या सोवळ्याची अशीच कारणं सांगायची, हे त्यांना बोलता बोलताच आठवलं. तालीम पार पडली. हिवराळ्यांनी त्यांना एकदाही नावाने हाक मारली नाही, नुसतं रायाजी म्हणाले.

घरी वैजयंतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. जंतूंचं तुमचं बरोबर आहे, असं त्या म्हणाल्या. पण हिवराळ्यांना जंतू कुठे दिसले, त्यांना तुमचा वळलेला चेहरा दिसला. परचुऱ्यांना जेवण गेलं नाही. हिवराळ्यांविषयी त्यांच्या मनात खरोखरच काही नव्हतं, उलट त्या माणसाने त्यांना जन्माच्या पोस्टमास्तरकीतून सोडवलं होतं. हे त्याला कसं पटवायचं, याचा त्यांनी फार विचार केला. आणि फार विचार केला की परचुऱ्यांच्या हातून नेहमी जे होतं तेच झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून काजळाची कोरी डबी आणली, तिच्यावर चिकटपट्टीने आपलं नाव लावलं, आणि ती हिवराळ्यांपुढे ठेवून सांगितलं की यातलं तुम्ही स्वच्छ हातांनी खुशाल लावा.

हिवराळ्यांनी डबी उलटसुलट करून नाव वाचलं. “छान. आता येताना एक कपबशीपण वेगळी घेऊन या.”

नाटकाच्या दिवशी सकाळी परचुऱ्यांनी दार उघडलं तर जिन्यात नंदिनी गॉगल लावून उभी होती. तिच्यामागे चौबळ होते, त्यांनाही गॉगल. दुपारपर्यंत एकेक मावळा कळत गेला. करंगळी जिथे जिथे फिरली होती तिथे तिथे डोळे आले होते. खुद्द हिवराळ्यांनी उरलेलं काजळ हौसेने स्वतःला लावून घेतलं होतं, त्यांचे डोळे तर टोमॅटोसारखे झाले होते. सगळ्या गडावर धडधाकट डोळे फक्त किल्लेदाराचे होते.

आपलं खरं ठरल्याचा आनंद काही परचुऱ्यांना लपवता येईना. मंडपामागच्या रंगपटात ते शांत चेहऱ्याने येरझाऱ्या घालू लागले. ‘मी म्हणालो होतो’ हे शब्द त्यांनी एकदाही उच्चारले नाहीत, पण त्यांची चाल तेच म्हणत होती. हिवराळे त्यांच्यासमोर येऊन थांबले. हात त्यांनी पाठीमागे बांधले होते. “तुमचं बरोबर होतं,” ते म्हणाले. “माझं थोडं चुकलं. थोडं तुमचंही चुकलं.” परचुऱ्यांनी मान डोलावली. त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण हिवराळ्यांचं बोलणं संपलं नव्हतं. प्रयोग रद्द करता येत नव्हता, कारण पाहुणे निघाले होते. दिव्यांच्या उजेडात कुणालाच डोळे उघडता येत नव्हते, म्हणून सगळे गॉगल लावूनच काम करणार होते.

“पण तुम्ही एकटे उघड्या डोळ्यांनी उभे राहिलात, तर आम्ही सगळे आजारी दिसतो,” हिवराळे म्हणाले. “सगळ्यांनीच लावले तर लोक म्हणतील, नाटकच तसं आहे.”

परचुऱ्यांना काय मागितलं जात आहे ते कळायला वेळ लागला. या एका संध्याकाळसाठी त्यांनी महिनाभर कोपराने दिवे लावले होते, देवाच्या ज्योतीला हुलकावणी दिली होती, मार्केटात सुतक पाळलं होतं. नाही म्हणावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. पण समोरचा माणूस त्यांच्यापासून चार हात लांब, हात मागे बांधून उभा होता. त्यांना डोळे येऊ नयेत म्हणून उभा होता. परचुरे म्हणाले, आणा गॉगल.

गॉगल कुठेच नव्हता. साथीने वाशीतली दुकानं रिकामी केली होती. शेवटी वैजयंतीबाई घरी जाऊन जे घेऊन आल्या ते पाहून परचुऱ्यांनी डोळे मिटून घेतले. जाड फ्रेमचा, बाटलीच्या बुडासारख्या काचांचा त्यांचा स्वतःचा चष्मा होता तो.

तो लावायचा तर आधी लेन्स काढायला हव्यात. लेन्स काढायच्या तर हात धुवायला हवेत, आणि हातांवर मनगटापर्यंत रंग होता. परचुरे आपल्या मंजूर बादलीकडे गेले. बादलीभोवती सगळं मोगल सैन्य बसलं होतं आणि आळीपाळीने त्यातच हात बुडवून लाल डोळे धूत होतं. त्या पाण्याला बोट लावण्यापेक्षा त्यांनी खाडीत उडी घेतली असती. तिसरी घंटा झाली. परचुऱ्यांनी लेन्सवर चष्मा चढवला आणि रायाजी रंगमंचावर गेला.

नंबरावर नंबर चढल्यावर जग नाहीसं होत नाही, लांब जातं. दोन पावलांवरची जानकी, म्हणजे नंदिनी, परचुऱ्यांना तुर्भ्याच्या फाट्यावर उभी असल्यासारखी दिसत होती, तीही पाण्याखाली. पडदा उघडल्यावर प्रेक्षकांना गॉगल लावलेले मावळे दिसले, गॉगल लावलेला खान दिसला आणि मधोमध पोस्टमास्तर दिसला. हशा सुरू झाला तो नंदिनीच्या वाक्यापर्यंत थांबला नाही. हिवराळ्यांनी ते वाक्य जिवापाड जपून लिहिलं होतं. काळ्या गॉगलमधून परचुऱ्यांच्या भिंगांकडे पाहत नंदिनी म्हणाली, “धनी, तुमच्या डोळ्यांत मला सारा गड दिसतो.” मागून कुणीतरी काच पुसून बघायला सांगितलं.

परचुऱ्यांचे कान तापले. पण भाषणं तोंडपाठ होती आणि आवाज शाबूत होता. त्यांनी तो लावला. हळूहळू मंडप गप्प झाला. शेवटच्या प्रवेशात तर पुढच्या रांगेतले पाहुणेसुद्धा सरसावून बसले. गडाला वेढा पडलेला आहे, खान बुरुजाआड दबा धरून बसलेला आहे, आणि रायाजी तलवार उपसून म्हणतो, “रायाजी डोळे उघडे ठेवून उभा आहे, तोवर या गडाचा दगडसुद्धा हलणार नाही.”

एवढं म्हणून त्याने त्वेषाने पाऊल पुढे टाकायचं होतं. परचुऱ्यांना बुरुज फार दूर दिसत होता, म्हणून त्यांनी चार पावलं टाकली. बुरुज पहिल्याच पावलावर होता. बांबू कडाडले. बुरुज तटावर गेला, तट दरवाज्यावर गेला, आणि रंगवलेलं सगळं कापड एकदम खाली आलं. त्याच्याखाली सुधीर चौबळ मोठमोठ्याने ओरडत होते आणि त्या ओरडण्यात अभिनय अजिबात नव्हता.

विंगेत हिवराळे डोक्याला हात लावून खाली बसले. ‘गड जागा आहे’ हे त्यांचं नाटक सगळ्या सेक्टरसमोर आडवं झालं होतं. परचुऱ्यांना ते दिसलं नाही, पण काय झालं ते समजलं. त्यांनी वळवळणाऱ्या कापडावर एक पाय ठेवला, तलवार वर केली आणि आयुष्यात कधी लावला नव्हता असा आवाज लावला.

“गड पडला, जानकी. पण खानावर पडला!”

टाळ्या थांबेनात. पडदा तीनदा उघडावा लागला. चौबळ कापडातून बाहेर आले तेव्हा त्यांनाही टाळ्या मिळाल्या, त्यामुळे त्यांनी पुढे तक्रार केली नाही. पाहुण्यांनी भाषणात या प्रयोगाला धाडसी म्हटलं. गॉगलमधून लेखकाला काय सुचवायचं आहे हे आपल्या लगेच लक्षात आलं, असं ते म्हणाले. पण काय लक्षात आलं ते त्यांनी सांगितलं नाही.

रंगपटात हिवराळे ट्रंकेवर बसून हसत होते. गॉगल काढून ठेवलेला, लाल डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि ते टॉवेलने पुन्हा पुन्हा पुसताहेत. परचुरे आत आले तसा त्यांनी हात आडवा केला. “लांब थांबा. शिवू नका.” आणि आपण काय बोललो ते कळून ते आणखी हसायला लागले.

परचुऱ्यांनाही हसू आलं, आणि हसता हसता भरून आलं. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. डॉक्टरांचा एकूण एक नियम त्यांना त्या वेळी आठवत होता, अगदी क्रमाने. ते पुढे गेले, हिवराळ्यांच्या हातातला तो ओला, काजळाने माखलेला टॉवेल त्यांनी काढून घेतला आणि दोन्ही डोळे त्याने खसखसून पुसले.

“अहो, हे काय केलंत?” हिवराळे उठून उभे राहिले.

“राहिलेलं काजळ लावून घेतलं,” परचुरे म्हणाले. एक लेन्स टॉवेलला चिकटून गेली होती. ती दोघांनी मिळून शोधली, पण सापडली नाही.

दोन दिवसांनी दूध केंद्राच्या रांगेत चौबळांनी सवयीने विचारलं, “काय परचुरे, डोळे कसे आहेत?”

“आले,” परचुरे म्हणाले. पोराला नोकरी लागल्याचं बाप सांगतो तसं त्यांनी ते सांगितलं. विमलबाईंनी लगेच धन्याचं पाणी पाठवते म्हटलं. ते डोळ्यांत घालायचं नाही एवढं मनाशी ठरवून परचुऱ्यांनी या खेपेला हो म्हटलं.

दूध घरी ठेवून ते तसेच वर हिवराळ्यांकडे गेले. भिमाबाईंनी दोघांच्या लाल डोळ्यांकडे पाहून कपाळाला हात लावला आणि चहा आणला. कपबशी एकच होती, बाकीच्या घासायला पडल्या होत्या. हिवराळ्यांनी अर्धा चहा बशीत ओतून घेतला आणि कप परचुऱ्यांपुढे सरकवला. डोळे बरे झाल्यावर नवीन लेन्स घ्या, पुढच्या वर्षी पुन्हा ऐतिहासिकच करू, असं ते म्हणाले. परचुऱ्यांनी कप तोंडाला लावला. साखर जरा जास्त होती, पण त्यांनी सगळा चहा संपवला.